चौदा दिवसांची नोटीस

आठवीच्या इतिहासात एक पाठ शिकवताना मी दरवर्षी खूश असते. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकला, 'इन्किलाब जिंदाबाद'च्या घोषणा दिल्या आणि पळून न जाता स्वतःला अटक करवून घेतली. वर्गातली पेंगणारी मुलेसुद्धा इथे ताठ बसतात. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत तर जरा जास्तच, कारण ती घोषणा त्यांच्या घरातल्या बोलीची असते. ही घोषणा मौलाना हसरत मोहानींनी दिलेली, हेही मी आवर्जून सांगते. पाठात पुढे एवढेच येते की जनतेचे हक्क दडपणाऱ्या दोन विधेयकांचा निषेध म्हणून हा बॉम्ब होता. २०२३ च्या पावसाळ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, वो बिल में लिखा क्या था?"

बी.एड.ला इतिहास ही माझी अध्यापन पद्धती होती. गुणही बरे मिळाले होते. पण त्या बिलात काय लिहिले होते हे मला ठाऊक नव्हते. "कल बताती हूँ" म्हणून मी वेळ मारून नेली. आम्हा शिक्षकांचे हे जुने हत्यार आहे.

खरे तर हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. त्याच वर्षी १४ मार्चला महाराष्ट्रातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मी त्यांतलीच. संपाच्या पहिल्याच दिवशी विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक मंजूर केले. लोक त्याला 'मेस्मा' म्हणतात. आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर उभे होतो. दहावीची परीक्षा चालू होती, रमजान दहा दिवसांवर होता, आणि कुणाच्या तरी मोबाईलवर ही बातमी आली. एक सहकारी हळूच म्हणाले, "म्हणजे आता उभे राहणे हाच गुन्हा." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "कायदा असा एका दिवसात होतो होय?" २० मार्चला संप मागे घेतला गेला, आम्ही वर्गात परतलो. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला आठवीतल्या त्या मुलीमुळे मिळाले. कायदा एका दिवसात झाला नव्हता. त्याचे मूळ शोधत गेले तर ते थेट बॉम्बच्या दिवसापाशी जाऊन पोहोचले.

८ एप्रिल १९२९. कायदेमंडळापुढे दोन विधेयके होती. पब्लिक सेफ्टी बिल हे परदेशी कम्युनिस्टांना हुसकावून लावण्याचा अधिकार सरकारला देणारे. दुसरे ट्रेड डिस्प्युट्स बिल, म्हणजे औद्योगिक तंट्यांचे विधेयक. आपल्या मनात असे चित्र असते की बॉम्बमुळे विधेयक अडले. झाले ते वेगळेच. बॉम्ब पडला तेव्हा ट्रेड डिस्प्युट्स बिल आधीच मंजूर झाले होते. मतदानाचा निकाल लागला, अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल पहिल्या विधेयकावर आपला निर्णय सांगायला उठले आणि प्रेक्षकांच्या सज्जातून बॉम्ब आला. तीन दिवसांनी पटेलांनी पब्लिक सेफ्टी बिल पुढे चालवता येणार नाही असा निर्णय दिला आणि व्हाइसरॉय आयर्विनला तेच अध्यादेशाच्या वाटेने आणावे लागले. म्हणजे ज्याची फार चर्चा झाली ते सभागृहात अडकले आणि ज्याचे नाव आज शिक्षकालाही आठवत नाही ते १९२९ चा ७ वा कायदा होऊन बसले.

त्या काळची हवा लक्षात घेतली पाहिजे. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला होता. त्याच वर्षी साउथ इंडियन रेल्वेत आणि कलकत्त्याजवळ लिलुआच्या रेल्वे कारखान्यातही संप झाले. सरकार घाबरले होते. विधेयक मतास पडण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २० मार्च १९२९ ला, मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली. डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, घाटे हे मुंबईचे, बंगालचे मुजफ्फर अहमद, शौकत उस्मानी. आधी पुढारी उचलायचे आणि मग कायदा आणायचा, असा तो क्रम.

आता त्या मुलीचा प्रश्न: बिलात लिहिले काय होते? कायद्याचे दोन भाग होते. पहिला दिसायला सोज्वळ. मालक-कामगार तंटा झाला तर सरकार चौकशी न्यायालय किंवा समेट मंडळ नेमू शकेल. नेमू शकेल, नेमलेच पाहिजे असे नाही. आणि मंडळाने दिलेला निष्कर्ष कुणावर बंधनकारक नाही. दुसरा भाग मात्र स्पष्ट आणि सक्तीचा. टपाल, तार, टेलिफोन, सरकार ठरवील ती रेल्वे, दिवाबत्ती, पाणी, सार्वजनिक सफाई, या 'लोकोपयोगी सेवा'. यांतल्या कामगाराने करार मोडून संप करायचा तर किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस दिली पाहिजे. नाही दिली तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला शिक्षा त्याहून मोठी. शिवाय आपल्या धंद्याबाहेरच्या कारणासाठी, समाजाला मोठा त्रास देऊन सरकारला नमवण्यासाठी केलेला संप मुळातच बेकायदा. नोटीस न देता काम सोडणे हा तोवर करारभंगाचा मामला होता, फार तर नुकसानभरपाईचा दावा. आता या सेवांमधल्या माणसासाठी तो तुरुंगाचा मामला झाला.

टाळेबंदी करणाऱ्या मालकावरही नोटिशीची अट होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण टपाल-तारेचा मालक कोण? सरकार. बऱ्याचशा रेल्वेचा? सरकार. गिरणीमालकाला संप मोडायचा असेल तर त्याला पोलिसांकडे, कोर्टाकडे, कायदेमंडळाकडे जावे लागते. सरकार हा असा मालक आहे की ज्याला कुठेच जावे लागत नाही. पगार तोच ठरवतो, भांडण झाले तर समेट मंडळ नेमायचे की नाही तेही तोच ठरवतो, आणि समोरच्याने हात आखडला तर त्यासाठी शिक्षेचा कायदाही तोच लिहितो. सरकारी नोकराचा झगडा इतरांहून वेगळा आहे तो इथे. १९२९ पासून आजपर्यंत जे कायदे झाले त्या सगळ्यांकडे मी या एका गोष्टीच्या उजेडात बघते.

सभागृहात या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत ना. म. जोशी होते. मुंबईत लोअर परळचा त्यांच्या नावाचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, माणूस फारसा माहीत नाही. जोशी हे भारत सेवक समाजाचे, नेमस्त वळणाचे, कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी. तंटे समेटाने सुटावेत असे मानणारा हा माणूस. संपाची हौस असलेला नव्हे. त्यांच्यासारख्याने विरोध केला यातच विधेयकाचा खरा स्वभाव दिसतो. दिवाण चमनलाल हेही विरोधात होते. टपाल कर्मचाऱ्यांची संघटना त्या काळी किती मोठी होती याची एक खूण सांगते, वाचकांच्या कपाळाला आठी पडली तरी चालेल. १९२५ साली अखिल भारतीय टपाल कर्मचारी संघटनेचे अध्यक्ष बॅरिस्टर जिना होते. पुढचे जिना सगळ्यांना पाठ आहेत, पोस्टमनचे अध्यक्ष जिना कुणाला आठवत नाहीत.

बॉम्ब खटल्यात भगतसिंग आणि दत्त यांच्या बाजूने वकील होते आसफ अली. ६ जून १९२९ ला दिल्लीच्या सेशन्स कोर्टात आरोपींचे निवेदन त्यांनीच वाचून दाखवले. त्यात ट्रेड डिस्प्युट्स बिलाचा आणि कामगार पुढाऱ्यांच्या धरपकडीचा उल्लेख आहे. बॉम्बबरोबर जी लाल पत्रके खाली टाकली त्यांतही या विधेयकाचे नाव होते. तेव्हा 'दोन विधेयकांचा निषेध' या तीन शब्दांत पाठाने जे गुंडाळले ते त्या दोघांनी नावानिशी सांगितले होते. मी दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले. मुलीने विचारले, "मतलब वो डाकियों के लिए भी था?" हो बेटा, डाकियांसाठीही होता.

या कायद्याचे बीज इंग्लंडातले. तिथे १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर १९२७ मध्ये असाच कायदा झाला होता. त्यात सरकारी नोकरांच्या संघटनांना बाहेरच्या कामगार महासंघात सामील होण्याची मनाई होती. तिथल्या टपाल कामगारांच्या युनियनला महासंघातून बाहेर पडावे लागले. १९४६ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तो कायदा रद्द केला. ज्यांच्या घरून आपण ही वस्तू उसनी आणली त्यांनी ती एकोणीस वर्षांनी फेकून दिली. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुदतीने आलेला कायदा १९३४ मध्ये कायमचा झाला, आणि त्यातली लोकोपयोगी सेवेची कल्पना १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १४ दिवसांसकट उतरली.

मध्ये एक मुक्काम मुंबईचा आहे आणि तो मराठी वाचकाला टाळता येणार नाही. १९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक विवाद विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा. हे विधेयक फक्त सरकारी नोकरांचे नव्हते, पण गाभा तोच. १९२९ ला ज्या पक्षाची माणसे दिल्लीत विरोधी बाकांवर होती तोच पक्ष नऊ वर्षांनी मुंबईत सत्तेच्या बाकांवर होता. विरोधाला उभे राहिले डॉ. आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता आणि अजून कुणी तो खोडलेला नाही. संप म्हणजे फार तर कराराचा भंग, तो दिवाणी दोष. त्याला गुन्हा ठरवून शिक्षा करणे म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबायला लावणे, म्हणजे गुलामी. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, ज्यांचे एरवी फारसे पटत नसे, त्या दिवशी एका मंडपाखाली होते. विधेयक तरीही कायदा झाले.

पुढची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ च्या नोव्हेंबरात त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. मालकाने प्रातिनिधिक युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असा त्याचा रोख. आधीच्या कायद्यांनी कामगाराला सांगितले होते, उठू नकोस. हे विधेयक मालकाला सांगत होते, समोर बस. सामुदायिक वाटाघाटी म्हणजे दुसरे काय असते? ती दुरुस्ती अखेर १९४७ मध्ये मंजूर झाली, आणि कधीच अंमलात आली नाही. अंमलाची अधिसूचनाच निघाली नाही. संपाला रोखणारी कलमे त्याच १९४७ सालापासून रोज वापरात राहिली आणि मान्यतेची कलमे कपाटात.

मराठीत 'संप' हा शब्द किती सुंदर आहे पाहा. मूळ अर्थ एकी, सलोखा. गुजरातीत आजही तोच. आमच्या उर्दूत 'हडताल', म्हणजे हट्टाला, दुकानाला ताला. आमचा शब्द कुलूप दाखवतो, मराठी शब्द माणसे दाखवतो. मराठीत लिहायला बसले की अशा गोष्टींचा मोह होतो, तो आवरते.

आता घरातले. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. चालत्या गाडीत उभ्याने पत्रे लावायची. ११ जुलै १९६० च्या मध्यरात्री केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप सुरू झाला. महागाई भत्ता आणि किमान वेतन या मुख्य मागण्या. सरकारने अत्यावश्यक सेवांचा अध्यादेश काढून संप बेकायदा ठरवला, हजारो लोक अटकेत गेले, आणि पाच दिवसांत संप मोडला. दादा निलंबित झाले. पाच दिवसांच्या संपापायी घरी कित्येक महिने अर्धा पगार आला. दादी सांगायची की तिचे चांदीचे पैंजण त्या वर्षी गेले ते पुन्हा आले नाहीत. दादांनी त्या दिवसांबद्दल फारसे काही सांगितले नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत निलंबनाचा कागद मात्र शेवटपर्यंत होता, नीट घडी करून, निकाहनाम्याच्या शेजारी.

त्याच काळात मुंबईत लेखा खात्यातले ई. एक्स. जोसेफ नावाचे कर्मचारी संघटनेचे चिटणीस होते. सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली तरी ते चिटणीस राहिले, आणि जुलैच्या संपाआधीच्या निदर्शनांत त्यांनी भाग घेतला, हे त्यांच्यावरचे आरोप. सेवानियमांतला ४-ब सांगत होता की सरकारची मान्यता नसलेल्या संघटनेत नोकराने राहता कामा नये. जोसेफ कोर्टात गेले. ऑक्टोबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम ४-ब घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात निदर्शनांवरची सरसकट बंदीही रद्द झाली होती. म्हणजे सरकारी नोकराला संघटना करता येते, शांतपणे निदर्शने करता येतात, हे आपण आज गृहीत धरतो ते कुणीतरी नोकरी पणाला लावून मिळवलेले आहे. पण दोन्ही निकालांत संपाचा मूलभूत हक्क मिळाला नाही. १९६१ च्या बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात तर न्यायालयाने म्हटले होते की युनियन बनवण्याच्या हक्कात परिणामकारक वाटाघाटींची हमी येत नाही. संघटना करा, पण तुमचे ऐकलेच पाहिजे असे नाही.

महाराष्ट्रात १९७७-७८ चा चौपन्न दिवसांचा राज्य कर्मचाऱ्यांचा संप जुने लोक अजून काढतात. र. ग. कर्णिकांचे नाव त्यांच्या तोंडी असते. त्यावर स्वतंत्र लिहिले पाहिजे. मी इथे पुढे जाते ते २००३ कडे, कारण आमच्या पिढीच्या संघटनांवर सावली त्या वर्षाची आहे. जुलै २००३ मध्ये तामिळनाडूत कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. सरकारने अध्यादेश काढला आणि दीड लाखाहून अधिक लोकांना एका फटक्यात, चौकशीशिवाय, नोकरीतून काढून टाकले. ६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने बहुतेकांना परत घेण्याची वाट काढून दिली, पण निकालात लिहिले की सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक, न्याय्य असा कोणताही हक्क नाही. कायदेशीर नाही हे एकवेळ समजते. नैतिकही नाही, हे न्यायालयाने कशाच्या आधारे ठरवले ते मला निकालाबद्दल कितीही वाचून समजलेले नाही.

या निकालातला एक मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. संपामुळे समाज वेठीस धरला जातो. २०२३ च्या त्या आठवड्यात आमच्या शाळेसमोरून एक बाई दोन मुलांना घेऊन रोज जायच्या. घरकाम करतात. शाळा बंद म्हणून मुले कामावर सोबत न्यावी लागत होती. तिसऱ्या दिवशी थांबून त्या म्हणाल्या, "तुमको पेन्शन मिलेगा, अच्छा है. हमको कौन देगा?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. मी काही उत्तर दिले नाही. आज द्यायचे झाले तर एवढेच देईन की त्या सात दिवसांच्या नुकसानीचा हिशेब फक्त आमच्याकडे का मागायचा? त्याआधीच्या वर्षांत निवेदने दिली, मोर्चे काढले. टेबलाच्या पलीकडे बसायचे बंधन कुणावर असते, तर ते सात दिवस आलेच नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७८ चा १५१ क्रमांकाचा करार नेमका सरकारी सेवेतील वाटाघाटींसाठी आहे. भारताने तो मान्य केलेला नाही; संघटना स्वातंत्र्याचा ८७ आणि वाटाघाटींचा ९८ हे त्याआधीचे करारही नाहीत. सरकारी नोकरांवरचे निर्बंध सोडायचे नाहीत, हेच कारण सरकार देत आले आहे.

आणि शिक्षक? १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. त्याचे काम थोर आहे, ते कारकुनी किंवा अंगमेहनतीचे नाही. थोर म्हटले की मला आता भीती वाटते. गिरणीच्या कामगाराला कायद्याची जी वाट होती, महाराष्ट्रात तर १९७१ च्या कायद्याने युनियनला मान्यताही होती, ती वाट आम्हाला थोरपणाने बंद झाली. संपाला बंदी करायची वेळ आली की मात्र आम्ही अत्यावश्यक.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एका आस्थापनेत ५१ टक्के कामगार ज्या युनियनमागे असतील तिला वाटाघाटीचा अधिकार, अशी तरतूद तिच्यात आहे. १९४३ पासून रखडलेले काहीतरी त्या मार्गाने आले, हे मान्य केले पाहिजे. पण संपाच्या कलमात नोटिशीची अट आता केवळ टपाल, रेल्वे, पाणी, सफाई यांच्यापुरती नाही. प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. १९२९ साली जी गोष्ट सरकारी सेवेतल्या माणसासाठी अपवाद म्हणून आणली ती सर्वांसाठी नियम झाली. आणि मुदत? नोटीस दिल्यापासून १४ दिवस.

यंदा तो पाठ आला तेव्हा मी फळ्यावर दोन्ही विधेयकांची नावे उर्दूत लिहिली आणि त्यांच्या खाली ७ वा कायदा, १९२९. ती मुलगी आता पुढच्या वर्गात गेली आहे. मधल्या सुट्टीत दारातून डोकावून तिने फळा वाचला आणि म्हणाली, "मॅडम, ये इम्तिहान में आएगा क्या?" मी म्हटले, "नहीं आएगा." तरी तिने हातावर पेनाने काहीतरी लिहून घेतले आणि घंटा झाली तशी पळाली.